नागपुरातले डिमसम : पारी, वाफ आणि बिलावरची एक ओळ

बांबूच्या टोपलीचे झाकण निघाल्यावर माझ्या सासूबाईंनी आत सारण कशाचे आहे ते विचारले नाही. चष्मा वर करून त्यांनी आधी पारी पाहिली. त्या मूळच्या गुहागरच्या असल्यामुळे उकडीच्या बाबतीत त्यांचे मत आमच्या घरात शेवटचे मानले जाते, आणि ज्या कँटनी पद्धतीच्या उपाहारगृहात आम्ही चौघे रविवारी दुपारी बसलो होतो तिथला सर्वांत नावाजलेला पदार्थ, हार गाव, हा मुळात पारीचाच पदार्थ आहे. "कळ्या छान पाडल्यात," त्या म्हणाल्या, "पण ही आज केलेली नाही." हे त्यांनी चव घेण्याआधी सांगितले होते आणि पुढच्या दीड तासात ते खरे ठरले, म्हणून या अभिप्रायाची सुरुवात तिथूनच करते.

हे उपाहारगृह अनेक शहरांत शाखा असलेल्या एका साखळीचे आहे आणि पश्चिम नागपुरातली त्याची शाखा सुटीच्या दिवशी ओसंडून वाहत असते. नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या मी व्यवस्थापकांना समोरासमोर सांगितल्या आहेत. आगाऊ नोंदणी न करता साडेबाराला पोहोचल्यामुळे आम्हाला चाळीस मिनिटे दाराशी थांबावे लागले. तो दोष आमचा. आत जागा ऐसपैस आहे, टेबले एकमेकांना खेटून लावलेली नाहीत, आणि एका बाजूला काचेमागे स्वयंपाकघराचा थोडा भाग दिसतो. त्या काचेजवळचे टेबल मिळाले तर ते सोडू नये. कारण पुढे येईलच.

पदार्थांच्या यादीबद्दल आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या शहरात संध्याकाळी चौकाचौकांत लाल चटणीसह मोमोच्या गाड्या लागतात, आणि डिमसम म्हणजे त्याच मोमोंचे वातानुकूलित भावंड, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. या साखळीची यादी ती समजूत दूर करण्याऐवजी पक्की करते. तिबेट-नेपाळकडचे मोमो, शांघायच्या बाजूचे रस्सा भरलेले शिआओलोंगबाओ आणि जपानी ग्योझा हे सारे तिने 'डिमसम' या एकाच मथळ्याखाली कोंबले आहेत. म्हणजे पुरणपोळी, पराठा आणि डोसा यांना एकाच नावाने हाक मारण्यासारखे झाले. डिमसम हा दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौ (जुने नाव कँटन) आणि हाँगकाँगच्या चहागृहांचा प्रकार आहे. तिकडे लोक 'डिमसम खायला' जातात असे म्हणण्यापेक्षा 'यम चा'ला, म्हणजे चहा प्यायला जातात असे म्हणतात. सकाळपासून दुपारपर्यंत चहाची किटली मध्ये ठेवून कुटुंबे गप्पा मारत बसतात आणि सोबत तीन-चार घासांच्या छोट्या टोपल्या येत राहतात. आपण तर्री-पोह्यांच्या टपरीवर रविवारची सकाळ घालवतो तसेच काहीसे, फक्त टेबल गोल आणि चहा बिनदुधाचा.

माझी तुलना कशाशी आहे हेही स्पष्ट केलेले बरे. २०१८ साली हाँगकाँगला गेलो असताना आम्ही शाम शुई पो भागातल्या टिम हो वानमध्ये जेवलो होतो. तीन मिशेलिन तारे मिळवणाऱ्या लुंग किंग हीन या हॉटेलातल्या उपाहारगृहात डिमसमचे काम पाहिलेल्या माक क्वाय-पुई यांनी २००९ साली मोंग कोकमध्ये टिम हो वानचे जेमतेम वीस खुर्च्यांचे पहिले दुकान काढले, त्याला लगोलग एक तारा मिळाला, आणि पुढे त्याची देशोदेशी साखळी झाली. आम्ही गेलो तेव्हा अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर कोपराला कोपर लावून बसलो होतो, कागदावर पेन्सिलने खुणा करून मागणी द्यायची होती, आणि वरून साखरेचा खुसखुशीत पापुद्रा असलेला भाजलेला 'चार सिउ बाओ' (गोडसर भाजलेल्या डुकराच्या मांसाचे सारण भरलेला पाव) तोंडात टाकल्यावर यजमानांनी पाच मिनिटे एक अक्षर काढले नव्हते. तेव्हा साखळी आहे म्हणून अन्न वाईटच असणार, असे मी मानत नाही. साखळीतही कारागिरी टिकते. फक्त ती कोणत्या टप्प्यावर टिकते आणि कोणत्या टप्प्यावर सुटते ते पाहावे लागते.

आता हार गाव. कोळंबीचे सारण आणि अर्धपारदर्शक पारी, इतकाच हा पदार्थ. म्हणूनच कोणत्याही कँटनी स्वयंपाकघराची परीक्षा याच्यावर होते. पारी तांदळाच्या पिठीची नसते. गव्हाच्या पिठातला चिकट भाग धुऊन काढल्यावर उरणारा निव्वळ स्टार्च, त्यात थोडा टॅपिओकाचा स्टार्च, आणि वरून उकळते पाणी. हे मी टेबलावर सांगत असतानाच नणंद म्हणाली, "वहिनी, म्हणजे हा आपला चीकच की!" तिचे सासर वर्ध्याचे, दर उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून खाली बसलेला पांढराशुभ्र चीक शिजला की कसा काचेसारखा चमकतो हे तिने वर्षानुवर्षे पाहिले आहे, आणि हार गावच्या पारीतून आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग दिसतो तो त्याच कारणाने. चिकट भाग गेलेला असल्यामुळे ही पारी पोळीसारखी लाटता येत नाही, ताणली की फाटते. कारागीर तेल लावलेल्या रुंद सुऱ्याच्या पात्याने पीठ दाबून तिची पातळ चकती करतात आणि मग बोटांनी निदान सात, चांगला हात असेल तर दहाहून अधिक चुण्या घालतात. सासूबाईंच्या मते तंत्र मोदकाचेच आहे, फक्त मोदकाच्या कळ्या सगळ्या बाजूंनी वर जमतात आणि इथे एकाच बाजूला पडतात. (विदर्भात बहुतेक घरांत मोदक तळणीचेच होतात, त्यामुळे या चर्चेत नागपूरकरांचे मत फारसे ग्राह्य धरले गेले नाही.)

आमच्या टोपलीत चार हार गाव होते. चुण्या मोजल्या, प्रत्येकावर नऊ. आकार एकसारखा, सारण भरपूर. परंतु पारीच्या कडेला केसाएवढ्या बारीक भेगा होत्या, पोटाकडचा भाग धुरकट पांढरा राहिला होता, आणि एक हार गाव उचलताना तळ कागदाला चिकटून फाटला. एकदा शिजलेला स्टार्च थंडीत ठेवला की त्यातले पाणी सुटते आणि तो कडक होतो. परत वाफवल्यावर मऊ होतो, पण पहिल्यासारखा होत नाही. रात्रीचा भात शीतकपाटातून काढल्यावर आपल्याला जे दिसते तेच हे. वाढणाऱ्या मुलाला विचारले तेव्हा त्याने काही न लपवता सांगितले की हार गाव आणि सिउ माय मुंबईच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात वळले जातात आणि गोठवून इथे येतात. आठशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून आलेल्या पारीकडून आणखी किती अपेक्षा करायची? सासूबाईंनी हे ऐकून माझ्याकडे पाहिले, पण "बघ, मी म्हटले होते" असे म्हणाल्या नाहीत. त्यांचा मोठेपणा.

कोळंबीबद्दल मात्र त्यांनी तक्रार केली नाही. कँटनी पद्धतीत कोळंबी सोलल्यावर थंड पाण्यात चांगली धुऊन घेतात, तिला स्टार्च किंवा थोडा सोडा चोळतात आणि मग गार करतात, त्यामुळे दाताखाली ती करकरीत लागते. इथली तशी होती, शिवाय गोडसर होती आणि तिला गोठवणाचा वास नव्हता. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या शहरात, जिथे आपण भंडारा-गोंदियाच्या तलावांतल्या झिंग्यांवर खूश असतो, ही गोष्ट लहान नाही.

सिउ मायबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही. वरून उघडी ठेवलेली ही पिवळी पुरचुंडी मुळात डुकराच्या मांसाची आणि कोळंबीची असते. इथे डुकराच्या मांसाऐवजी चिकन वापरतात. चरबी कमी पडल्यामुळे सारण कोरडे झाले होते, आणि खेकड्याच्या अंड्यांच्या जागी गाजराचा ठिपका होता. चिकन बाओ चांगला फुगलेला, पण सारण अतिगोड. कमळाच्या पानात वाफवलेल्या चिकट भाताला पानाचा वास छान लागला होता. एवढा एकच पदार्थ यजमानांनी कोणालाही न विचारता संपवला.

यापेक्षा गंभीर अडचण वेळेची होती. आम्ही एका दमात सगळी मागणी दिली, आणि स्वयंपाकघराने एका दमात सगळे पाठवून दिले. पाच मिनिटांत टेबलावर सहा टोपल्या एकमेकींवर रचल्या गेल्या. पहिली संपेपर्यंत चौथी कोमट आणि सहावी गार. सासूबाई म्हणाल्या, "जेवणाऱ्याने पोळीची वाट बघावी, पोळीने जेवणाऱ्याची नव्हे." वाफेवरच्या पदार्थांना हे पोळीपेक्षाही जास्त लागू पडते, कारण पोळी गार झाली तरी खाता येते, हार गाव गार झाला की त्याचे रबर होते. जुन्या चहागृहांत हातगाड्यांवरून टोपल्या फिरवतात, त्यामुळे समोरचे संपले की पुढचे घेता येते. इथे गाड्या नाहीत, म्हणून ते काम आपणच करायचे: दोनपेक्षा जास्त पदार्थ एका वेळी मागवू नयेत. दुसऱ्या फेरीत आम्ही तसे केले आणि जेवणाचा रंगच बदलला.

त्या दुसऱ्या फेरीत चिउंग फन आले, आणि इथे मला काचेजवळच्या टेबलाबद्दल सांगितले पाहिजे. काचेमागे एक तरुण कारागीर उभा होता. त्याच्यासमोर कपाटासारखे दिसणारे स्टीलचे वाफेचे यंत्र, त्याला चपटे खण. तो एक खण ओढायचा, त्यात ताकासारखे पातळ तांदळाचे मिश्रण पळीने ओतायचा, खण डावी-उजवीकडे कलवून ते सारखे पसरायचा, वर मशरूमचे तुकडे पेरायचा आणि खण आत ढकलायचा. दीड-दोन मिनिटांत पुन्हा ओढला की मिश्रणाचा ओला, थरथरता पडदा झालेला असायचा. रुंद पट्टीने तो एका बाजूने खरवडत गुंडाळायचा, कात्रीने तीन तुकडे करायचे, वर गोडसर सोया सॉस. सुरळीच्या वड्या करताना ताटावर पसरलेले बेसन गुंडाळायची जी घाई असते तीच, फक्त इथे हाताला चटका जास्त. एक पडदा फाटला तेव्हा त्याने तो बाजूला टाकून दुसरा केला. गुंडाळीत फाटके लपवणे अवघड नव्हते, तरी लपवले नाही. आमच्या टेबलावर ती ताटली आली तेव्हा तिच्यातून वाफ निघत होती, थर इतका तलम की आतली मशरूम मोजता आली असती, आणि चव म्हणाल तर पहिल्या वाफेचा तांदूळ, थोडी गोडी, थोडे मीठ. कोळंबीचे चिउंग फनही तितकेच उत्तम. हाँगकाँगला खाल्लेल्यापेक्षा हे काकणभर सरसच होते असे मी म्हणाले, आणि यजमानांनी सहसा न करणारी गोष्ट केली: मला दुजोरा दिला.

लो बाक गो, म्हणजे मुळ्याचा केक, हा दुसरा पदार्थ जो इथेच तयार होतो. 'केक' या शब्दाने फसू नये. ही आपल्या कोथिंबीर वडीची चुलत बहीण आहे. पांढरा मुळा किसून शिजवायचा, तांदळाच्या पिठीत कालवायचा, साच्यात घालून वाफवायचा, गार झाल्यावर जाड वड्या पाडून तव्यावर परतायच्या. चांगल्या लो बाक गोची खूण अशी की बाहेरून तांबूस कुरकुरीत असताना आत मुळा पिठीवर मात करून उठला पाहिजे. इथे तो उठतो. आम्ही दुसरी ताटली मागवली.

याच ताटलीवरून पहिली तक्रार. मूळ पाककृतीत मुळ्याबरोबर सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज असते. नणंद शाकाहारी आहे. यादीत या पदार्थापुढे कोणतीच खूण नव्हती. विचारल्यावर वाढणाऱ्या मुलाने "व्हेजच आहे" असे पटकन सांगितले, पण मी आत विचारून यायला सांगितले. केक खरोखरच शाकाहारी निघाला; मात्र त्याच चौकशीत हे कळले की शाकाहारी पदार्थांच्या रांगेत छापलेल्या मशरूम बाओच्या सारणात ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, असतो. बाओ आम्ही मागणीतून काढला. मुलाचा दोष नाही, तो उलट प्रामाणिक होता. परंतु ज्या शहरात निम्मे टेबल शाकाहारी असू शकते तिथे ऑयस्टर सॉस, सुकी कोळंबी आणि डुकराची चरबी कशात आहे आणि कशात नाही हे छापून देणे साखळीला जड जाऊ नये. व्यवस्थापकांनी यादी बदलण्याचे मान्य केले आहे. तोवर शाकाहारी मंडळींनी प्रत्येक पदार्थाबद्दल विचारावे, आणि टोपल्या वेगळ्या वापरतात का हेही विचारावे.

कोंबडीचे पाय, जे कँटनी टेबलावर हटकून असतात आणि तळून, भिजवून, शिजवून, काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवले जातात, ते या शाखेत मिळत नाहीत. नागपूरकर ते खाणार नाहीत, असे व्यवस्थापकांचे म्हणणे. सावजीच्या खानावळीत खूर आणि मुंडीसाठी रांग लावणाऱ्या शहराबद्दल हे मत कोणी दिले, देव जाणे.

चहाला मात्र पूर्ण गुण. जास्मिन आणि काळसर, मातीच्या वासाचा पु-एर असे दोन प्रकार होते. आम्ही एकेक किटली घेतली आणि तेलकट पदार्थांनंतर पु-एर जास्त बरा वाटला. गरम पाणी तीनदा भरून दिले, त्याचे पैसे लावले नाहीत. हाँगकाँगला किटलीचे झाकण तिरके ठेवले की पाणी हवे असे समजतात, आणि कोणी चहा ओतला की आभार म्हणून टेबलावर दोन बोटे टकटक करतात. यजमानांनी इथे झाकण तिरके ठेवून पाहिले. दहा मिनिटे कोणी आले नाही, मग हात वर केला.

दुसरी तक्रार बिलाची. पदार्थ आणि चहा मिळून ४९८० रुपये झाले होते. त्यावर दहा टक्के सेवा शुल्क म्हणून ४९८ रुपये आणि त्या एकूण रकमेवर पाच टक्के जीएसटी असे सगळे मिळून ५७५१ रुपये ९० पैशांचे बिल आले. सेवा शुल्क आपोआप बिलात घालू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचनांद्वारे सांगितले आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या आहेत. हे सांगितल्यावर कोणतीही खळखळ न करता बिल ५२२९ रुपयांचे करून दिले, हे खरे. पण शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने ती ओळ न वाचताच कार्ड दिले, हेही मी पाहिले. ज्या मुलाने आत तीन खेपा घालून सारणाची चौकशी केली होती, त्याला आम्ही वेगळे पैसे हातात दिले.

चौघांत माणशी तेराशे रुपये झाले, आणि त्यातला मोठा वाटा अशा टोपल्यांवर गेला ज्या आम्ही पुन्हा मागवणार नाही. हार गावच्या दोन टोपल्यांचेच ९५० रुपये होते. दोघांनी जायचे असेल तर माझी मागणी अशी राहील: आधी मशरूमचे चिउंग फन, ते संपल्यावर कोळंबीचे, मग मुळ्याचा केक आणि सोबत पु-एरची एक किटली. हे करासकट साधारण १५६० रुपयांत बसते. एग टार्ट हवेच असतील तर भट्टीतून ताजा घाणा कधी निघणार ते आधी विचारावे. आमच्यापुढे आलेले तीनही गार होते आणि कवच मऊ पडले होते, पण आम्ही निघताना ताजा ट्रे बाहेर येत होता आणि लोण्याचा वास दारापर्यंत पोहोचला होता. सासूबाई तिथे क्षणभर थांबल्या, ट्रेकडे पाहिले, आणि मग माझ्या हातातली बिलाची पावती मागून घेऊन तिच्या मागे शाखेचा फोन नंबर लिहून ठेवला.